आडनावाच्या गावाला

जर्मनीत मे महिन्यात फारसं काम होत नाही. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण दरवर्षी गुरुवारीच येतो, आणि त्यापुढचा शुक्रवार ऑफिसात जाऊन घालवणाऱ्या माणसाकडे इथं जरा संशयानेच बघतात. या शुक्रवारच्या रजेचे अर्ज आमच्याकडे हिवाळ्यातच पडायला लागतात. यंदा नवरा कामानिमित्त बाहेरगावी होता, मैत्रिणींचे बेत आधीच ठरलेले. मी फ्रँकफर्टहून लिस्बनचं तिकीट काढलं. आईला फोनवर सांगितलं तर तिने दोनच प्रश्न विचारले. "एकटीच?" आणि "जवळपास देऊळ आहे ना गं?"

देऊळ म्हणजे चर्च. आम्ही वसईचे ख्रिस्ती, आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात.

लिस्बनच का, याचं उत्तर पासपोर्टवर छापलेलं आहे. माझं आडनाव लोपीस. हॉटेलातल्या पोराने पासपोर्ट उघडला, नाव वाचलं आणि माझ्याकडे न बघताच पोर्तुगीज सुरू केलं. न्याहारी किती वाजता, लिफ्ट कुठे, असंच काहीतरी असणार. वर बघितल्यावर तो अडखळला. "गोवा?" त्याने इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, नाही, वसई. मग त्यांच्या पद्धतीने 'बसाईं' असंही म्हणून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षं, आमचं गाव या पोर्तुगीजांकडे होतं. किल्ल्यात यांच्या सरदारांचे वाडे होते, मोठमोठी देवळं होती. त्याने अगदी अदबीने मला शहराचा नकाशा दिला आणि बेलें नावाच्या नदीकाठच्या भागातल्या टार्टच्या दुकानावर पेनाने गोल केला.

सोळाव्या शतकात आमच्या कुणातरी पूर्वजाने पाणी घेतलं, त्यासोबत आडनाव आलं. कुणाचं आलं, बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं की बाजूला उभ्या राहिलेल्या धर्मबापाचं, ते आता कुणालाच ठाऊक नाही. भाषा मात्र गेली नाही. आजी शेवटपर्यंत लाल लुगडं नेसली, आमच्या सामवेदी बोलीत भांडली आणि मराठीत प्रार्थना म्हणाली. चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गलबतात बसून गेले, आम्ही इथंच राहिलो. आमच्या मराठी शाळेत इतिहासाच्या तासाला तो विजयाचा धडा बाई फार रंगवून शिकवायच्या. शेवटी वर्गात टाळ्या वाजल्या होत्या, त्यात माझ्याही होत्या. वर्गातल्या डाबरे, तुस्कानो, परेरा सगळ्यांच्या होत्या.

हे सगळं सांगायचं कारण एकट्याने फिरण्याशी आहे. एकटीच्या प्रवासाबद्दल लोक स्वातंत्र्य, आत्मशोध असलं बरंच काही लिहितात. मला त्यात एकच मोठी सोय दिसते: मत द्यावं लागत नाही. सोबत माणूस असला की प्रत्येक जागेहून बाहेर पडताना "कसं वाटलं?" येतंच, आणि मग आवडलं किंवा नाही आवडलं यापैकी काहीतरी बोलावं लागतं. एकदा बोललं की आपण त्या बाजूचे होतो, पुढचा सगळा दिवस तेच निभावतो. लिस्बनला मला ते नको होतं. बाकी गैरसोयी आहेतच. संडासात जाताना बॅग कोण धरणार, हा प्रश्न जगातल्या कुठल्याच प्रवासवर्णनात सुटलेला नाही.

शहर चढउतारांचं आहे आणि पाय फार दुखवतं. फुटपाथ म्हणजे चुनखडीच्या आणि काळ्या बसाल्टच्या छोट्या चौकोनी दगडांची हाताने बसवलेली नक्षी. रोसियोच्या चौकात तर काळ्या-पांढऱ्या लाटाच काढल्या आहेत, एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या. दिसायला देखणं, पण वर्षानुवर्षांच्या टाचांनी घासून दगड इतके गुळगुळीत झालेत की उतारावर मी भिंतीला हात लावूनच चालत होते. मेच्या शेवटी जॅकरांडा फुलतो, त्याची निळी-जांभळी फुलं या दगडांवर पडतात, आणि त्यावरून घसरायला आणखी सोपं होतं. पहिल्या संध्याकाळी आल्फामा या जुन्या वस्तीतल्या एका खानावळीत बसले. न मागता पाव, ऑलिव्ह आणि चीज समोर आलं. ते फुकट नसतं, हात लावला की बिलात येतं, नको असेल तर परत पाठवायचं. हे माहीत असूनही मी सगळं खाल्लं, कारण एकट्या माणसाला जेवण येईपर्यंत हातांना काहीतरी उद्योग लागतो. मग दिवे मंद झाले, वाढपी जागच्या जागी थांबले आणि स्वयंपाकघरातून एक बाई हात पुसत बाहेर येऊन फादो, म्हणजे इथलं विरहाचं गाणं, गायली. शब्द कळले नाहीत. पलीकडच्या टेबलावरच्या जोडप्यातला पुरुष बायकोच्या कानात भाषांतर करत होता, आणि गाणाऱ्या बाईने त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्पच झाला.

दुसऱ्या दिवशी बेलेंला गेले. नदी तिथं इतकी रुंद होते की समुद्र कुठं सुरू झाला ते कळत नाही. वास्को द गामा १४९७ मध्ये इथूनच निघाला. जेरोनिमुशचा मठ हा त्याच्या प्रवासाच्या जिवावर उभा आहे, अगदी हिशेबाने. राजा मानुएलने आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या व्यापारावरचा ५ टक्के कर या बांधकामाला लावून दिला होता. म्हणजे बराचसा मठ या व्यापाराच्या पैशाचा. दगडात दोरखंड कोरले आहेत, गाठी, पोवळी, शेवाळ. खांब इतके उंच आणि बारीक की छत त्यांच्यावर कसं टेकलंय याचं नवल वाटतं. १७५५ च्या भूकंपातही ते फारसं हललं नाही. मी एका बाकावर बसून बराच वेळ वर बघत होते. सुंदर आहे. यापेक्षा वेगळा शब्द मला सुचला नाही आणि सुचावा असंही वाटलं नाही.

आत शिरताच डाव्या-उजव्या हाताला दोन कबरी आहेत, एक गामाची, एक कवी कामोंइशची. गामा वारला कोचीनला, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. हाडं १५३९ मध्ये पोर्तुगालला आणली. याच गामाने दुसऱ्या फेरीत, १५०२ मध्ये, मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं होतं. कबरीवर तो हात जोडून झोपला आहे. एक कुटुंब लहान मुलीला कबरीशेजारी उभी करून फोटो काढत होतं, ती मुलगी हलत होती, बाप ओरडत होता. मला दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटल्या, छत आणि जहाज. सोबत नवरा असता तर तो म्हणाला असता, लुटीच्या पैशावर काय नाही होत! मी म्हणाले असते, अरे पण बघ तरी. आणि संध्याकाळपर्यंत मी पोर्तुगालची वकील झाले असते.

बाहेर नदीकाठी शोधांचं स्मारक आहे, जहाजाच्या नाळेच्या आकाराचं, पन्नास मीटरहून उंच. पहिल्यांदा ते १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं बांधलं होतं. दगड-काँक्रीटचं पक्कं केलं १९६० मध्ये, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. जमिनीवर संगमरवरात जगाचा प्रचंड नकाशा आहे, कोण कधी कुठं पोचला ते दाखवणारा. तो दक्षिण आफ्रिकेने भेट दिला, वर्णभेदी सरकार होतं तेव्हाच्या. साम्राज्यांनी एकमेकांना दिलेल्या भेटवस्तूंचं एक संग्रहालय काढायला हवं खरं तर. पोरं त्या नकाशावर स्केटबोर्ड चालवत होती. एकजण अरबी समुद्र एका दमात ओलांडून गेला.

स्मारकाच्या दोन्ही अंगांनी सागरी मोहिमा पाठवणाऱ्या राजपुत्र हेन्रीच्या मागे माणसं चढताहेत. खलाशी, राजे, नकाशे काढणारे, आणि एकुलती एक बाई, हेन्रीची आई. गामा आहे. १५१० मध्ये गोवा घेणारा आल्बुकेर्क आहे. त्याचा आणखी एक पुतळा जवळच्याच चौकात उंच खांबावर, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर. आणि याच रांगेत संत फ्रान्सिस झेवियर आहे.

इथं माझे पाय थांबले. कारण झेवियर आमच्या घरात भिंतीवर आहे. १५४१ मध्ये तो लिस्बनहून निघाला, गोव्याला पोचला, वसईलाही येऊन गेला. जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी त्याचं शव दर्शनाला खाली आणतात, तेव्हा आमच्या गावातून बसेस भरून जातात. लहानपणी मी आजीच्या मांडीवर बसून गेले आहे. गर्दी, उलट्या, सोलापुरी चादरी आणि डब्यातल्या धिरड्यांचा वास मला अजून आठवतो. आणि याच झेवियरने १५४६ मध्ये राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देणारं धर्मन्यायालय, मागितलं होतं. ते त्याच्या मृत्यूनंतर १५६० मध्ये आलं आणि मधला एक छोटा खंड सोडला तर १८१२ पर्यंत टिकलं. आजीला हे माहीत नव्हतं. मला कॉलेजात कळलं, आणि तरी परीक्षेच्या आधी मी त्याच्याच फोटोसमोर उभी राहत होते. त्या पुतळ्याखाली मी नमस्कार केला नाही आणि पाठही फिरवली नाही. थोडा वेळ उभी राहिले, मग टार्ट खायला गेले. १८३७ पासूनचं ते दुकान आहे, रांग मोठी पण भराभर सरकणारी. वर दालचिनी भुरभुरून खायचं. दालचिनी कुठून आली हे सांगत बसत नाही.

कश्काइशला जाणारी लोकल काइश दु सोद्रेहून सुटते आणि बहुतेक वाट नदीला चिकटून धावते. शनिवारी ती टॉवेल आणि छत्र्या घेतलेल्या लोकांनी भरलेली असते. पंचवीस एप्रिलच्या पुलाखालून गाडी जाते. तो पूल १९६६ मध्ये उघडला तेव्हा त्याचं नाव सालाझार पूल होतं. बेलें, आल्जेश, क्रूझ केब्रादा, आणि मग काशियश. गाडी थांबते, दारं उघडतात, दोन-चार माणसं उतरतात. स्टेशनजवळ समुद्रकिनारा आहे. मागे टेकडीवर किल्ला, त्यात तुरुंग, आजही चालू असलेला. पर्यटकांच्या नकाशावर त्याला कुणी गोल करत नाही.

याच तुरुंगात मोहन रानडे होते. मूळ नाव मनोहर आपटे, सांगलीचे, १९३० चा जन्म. गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलात शिरले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा. पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं, आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा ते इथं, या टेकडीवर होते. ज्या कारणासाठी तुरुंगात गेले ते काम पुरं झालं, भारताने सगळे पोर्तुगीज युद्धकैदी सोडून दिले, आणि रानडे आतच. आणखी सात वर्षं. आपल्याकडे सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई १९६८ मध्ये पोपना भेटले तेव्हा त्यांनी स्वतःसाठी काही न मागता रानड्यांसाठी शब्द टाकायची विनंती केली. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. भेट व्हायच्या आत, पुढच्याच महिन्यात अण्णादुराई गेले.

मी ही गोष्ट घरी ऐकलेली नाही. गोवामुक्ती आमच्या गावात बोलली जात नसे, म्हणजे विरोध नव्हता, पण तो विषय निघाला की मोठी माणसं चहा मागवायची. आपली नावं तशी, लोक काय म्हणतील, हा हिशेब मागे चालूच असायचा. खरं तर घाबरायचं काहीच कारण नव्हतं. गोव्याच्या लढ्यातला पहिल्या फळीचा माणूस त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा हा ख्रिस्तीच, आणि सालाझारच्या सरकारने त्याला लिस्बनच्या उत्तरेला पेनिशच्या किल्ल्यात डांबलं होतं. हे नाव मला कुणी शाळेत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सांगलीचा आपटे आणि गोव्याचा कुन्हा, दोघांनाही याच किनाऱ्यावर ठेवलं होतं.

गाडी काशियशला जेमतेम अर्धा मिनिट थांबली. मी उतरले नाही. उतरून बंद फाटकासमोर काय करणार होते? कश्काइशला जाऊन पाण्यात पाय घालून बसले, अटलांटिकचं पाणी मेमध्येही हाडं गोठवतं, आणि परत येताना खिडकीची बाजू बदलली.

लिस्बनमधली माझी सर्वात आवडती जागा कोणती असं कुणी विचारलंच, तर कार्मुचा मठ. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाला, सकाळी भूकंप झाला तेव्हा माणसं मिस्सासाठी देवळांत जमली होती आणि वेदीवर मेणबत्त्या पेटल्या होत्या. छतं कोसळली, मेणबत्त्यांनी शहर पेटलं, जीव वाचवायला नदीकाठी धावलेल्यांवर समुद्र चालून आला. राजा जुझे इतका घाबरला की उरलेलं आयुष्य त्याने दगडी छताखाली काढलं नाही, आजुदाच्या टेकडीवर लाकडी महाल बांधून राहिला. मंत्री पोंबालने खालचं शहर सरळ रेषांत नव्याने आखलं. घरांच्या भिंतींत लाकडी पिंजरे बसवले आणि त्यांची परीक्षा घ्यायला नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावली. कार्मुचं देऊळ मात्र पुरतं बांधूनच झालं नाही. काम सुरू झालं, मग १८३४ मध्ये सरकारने मठच बंद केले. आज मधल्या दालनाच्या कमानी नुसत्या आकाशात उभ्या आहेत, खाली गवत. पलीकडच्या खोल्यांत संग्रहालय आहे, त्यात पेरूहून आणलेल्या ममी काचेच्या पेटीत गुडघे पोटाशी घेऊन बसल्यात. त्या इथं कशाला, हा प्रश्न या शहरात विचारायचा नसतो.

छत नसलेलं देऊळ मला नवं नाही. वसईच्या किल्ल्यात अशी कितीतरी आहेत. दगडी कमानी, भिंतींतून उगवलेला पिंपळ, फरशीवर पोर्तुगीज सरदारांच्या कबरींचे दगड, आणि त्यावर उभं राहून लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी. लेहेंगा उडवायला एक माणूस वेगळा ठेवलेला असतो. इथं तिकीट होतं आणि शांतता होती. आमच्याकडे दोन्ही नाही, आणि मला वाटतं किल्ल्याला आमच्याकडे जास्त करमत असेल.

याच मठासमोरच्या चौकात २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाही संपली. आफ्रिकेतल्या न संपणाऱ्या युद्धांना विटलेले तरुण कॅप्टन चिलखती गाड्या घेऊन आले. सालाझारचा वारस मार्सेलु काएतानु शेजारच्याच बराकीत अडकला होता, संध्याकाळी त्याने शरणागती दिली. सेलेश्त काएइरु नावाची एक बाई त्या दिवशी कामावरून घरी चालली होती. तिच्या उपाहारगृहाचा वर्धापनदिन होता म्हणून कार्नेशनची फुलं आणली होती, दुकान उघडलं नाही म्हणून ती कामगारांना वाटून टाकली. एका सैनिकाने तिच्याकडे सिगारेट मागितली. तिच्याकडे नव्हती, तिने फूल दिलं, ते त्याने बंदुकीच्या नळीत खोचलं. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९७४ ला, दिल्लीत पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. करारावर त्यांच्याकडून मारियु सुआरेश आणि आपल्याकडून परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांची सही आहे. तेरा वर्षं जे मान्य नव्हतं ते गिनी-बिसाऊ, अंगोला आणि मोझांबिकच्या जंगलांतल्या लढायांनी मान्य करायला लावलं, असं मी त्या चौकात जॅकरांडाखाली बसून स्वतःशी जुळवलं. इतिहासकार याहून सावधपणे मांडतील.

रविवारी साव दोमिंगुशच्या देवळात मिस्साला गेले. हेही जळलेलं, पण १९५९ मध्ये. आगीत तडकलेले, सालपटं निघालेले खांब त्यांनी तसेच ठेवले आणि वर नवं छत घातलं. ख्रिस्ती झालेल्या ज्यूंची १५०६ मध्ये कत्तल झाली, तिची सुरुवात इथूनच. बाहेरच्या चौकात त्यांचं स्मारक आहे. पलीकडे रोसियोवर जिथं इन्क्विझिशनचा वाडा होता तिथं आता राष्ट्रीय नाट्यगृह आहे. मिस्सा कुठल्याही भाषेत असली तरी कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे हे शरीराला पाठ असतं. उत्तरं मी मराठीत दिली. शेजारच्या म्हातारीने एकदा वळून बघितलं, आणि शांतिदानाच्या वेळी दोन्ही हातांनी माझा हात धरला.

देवळासमोरच जिंजिन्याचं दुकान आहे, १८४० पासूनचं. दुकान कसलं, भिंतीतलं भोकच. आंबट चेरीची गोड दारू छोट्या ग्लासात, उभ्याने प्यायची. फळ हवं की नको एवढंच विचारतात, बिया चौकातच थुंकतात. आजूबाजूला गिनी-बिसाऊची माणसं घोळक्याने उभी असतात. हा चौक वर्षानुवर्षं त्यांचा आहे. माझ्या बाजूला रात्रपाळी संपवून आलेला एक माणूस होता, गळ्यात कुठल्याशा हॉटेलचं ओळखपत्र. त्यावर आडनाव होतं लोपीस. ते वाचताना त्याने मला पकडलं. मी मोबाइलवरचा बोर्डिंग पास काढून त्याच्यासमोर धरला. त्याने तो दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या मोठ्याने हसला की तीन-चार मित्र जमले. माझा मोबाइल हातोहात फिरला. त्याच्या मोडक्या इंग्रजीत आणि माझ्या त्याहून मोडक्या पोर्तुगीजमध्ये, मी कुठली, तो कुठला, असं काहीबाही झालं. बिसाऊ, वसई. एकाचं गाव दुसऱ्याला माहीत नव्हतं. पण मला त्याने चुलत बहीण करून टाकलं आणि आणखी एक ग्लास मागवला. पैसे कुणी द्यायचे यावरून आमचं थोडं वाजलं. शेवटी त्यानेच दिले.